कवितेत कॅन नाही

माझ्या वडिलांनी आयुष्यभर कविता केल्या, पण लोकांना त्यातली एकच माहीत आहे आणि ती माझ्या बुडण्यावर आहे. मी लहान असताना विहिरीत गटांगळ्या खात होते आणि ते काठावर उभे राहून बघत होते, एवढाच तिचा विषय. नाव आहे 'मागे घेतलेला हात'. अणदूर, जळकोट, नळदुर्ग या टापूत असा निरोप समारंभ झाला नसेल जिथं ती म्हटली गेली नाही. एकदा तर लग्नात, नवरी सासरी निघताना, बँडवाल्यांना थांबवून वडिलांनी ती म्हटली. रडता रडता नवरीचं रडणं संपलं, बँडवाले चहा पिऊन आले, तरी कविता चालूच होती. आमच्या अणदूरचा खंडोबासुद्धा वर्षातले दीड-दोन महिने नळदुर्गला मुक्कामाला जातो. ही कविता मात्र आमच्या घरातून हलायला तयार नाही.

तिच्यातल्या हमखास टाळ्यांच्या ओळी अशा आहेत:

तू बुडत होतीस, लेकी, मी काठावर उभा होतो.
हात पुढे येत होता, मी तो मागे घेतला.
कारण ते पाणी तुझं होतं
आणि तुझं तुलाच कापायचं होतं.

'मागे घेतला' म्हणताना वडील उजवा हात आधी पुढे करतात, थोडा थरथरवतात आणि सावकाश पाठीमागे नेतात. मग थांबतात. या थांबण्यात बायका डोळ्यांना पदर लावतात आणि पुरुष छताच्या पंख्याकडे बघतात. मी हजर असले तर सूत्रसंचालक मला उभं करतो, कवितेतली ती लेक हीच म्हणून. लोक मान वळवून बघतात. मी वाळले आहे का, अशी खात्री करून घेतल्यासारखं बघतात. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी तर मला जवळ घेऊन सांगितलं होतं की असा बाप मिळायला भाग्य लागतं. तेव्हा माझ्या कडेवर माझी मुलगी होती.

राग आहे का मला? आहे. पण कवितेत खोटं काही आहे म्हणून नाही. मी बुडत होते हे खरं, ते काठावर उभे होते हेही खरं. हाताबद्दल मी काही सांगू शकत नाही, मी पाण्याखाली होते. आईचं म्हणणं, त्यांचे दोन्ही हात डोक्यावर होते. बाकी सगळं खरं आहे. फक्त दोन गोष्टी कवितेत नाहीत. एक म्हणजे वडिलांना पोहता येत नाही. दुसरी म्हणजे मला आईनं बाहेर काढलं. आई तर कवितेत नावालाही नाही, जणू ती त्या दिवशी परगावी गेली होती. मला त्यांच्याकडून बाकी काही नको होतं. एकदा, एकदाच, चार माणसांत त्यांनी म्हणावं की मला पोहता येत नव्हतं. एवढ्यासाठी मी कितीतरी सत्कारांना जाऊन बसले आणि दर वेळी तोच हात मागे जाताना बघून घरी आले.

तो दिवस मी सांगते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्याकडे सगळ्या पोरांना चुलते पोहायला शिकवायचे. जळकोटच्या वाटेवर, हायवेपासून आत, आमचं शेत आहे आणि तिथं दगडी पायऱ्यांची विहीर आहे. शिकवायची पद्धत ठरलेली. रिकामा प्लॅस्टिकचा कॅन झाकण घट्ट लावून पाठीला बांधायचा आणि पोराला पाण्यात ढकलायचं. कॅन बुडू देत नाही. पोर हातपाय मारतं. दोन-तीन दिवसांनी चुलते गुपचूप कॅनमध्ये थोडं पाणी भरायचे. मग आणखी थोडं. पोराला वाटायचं कॅन आपल्याला धरून आहे, आणि एके दिवशी कॅन तोंडापर्यंत भरलेला असायचा, कुणाला काही धरून नसायचा, आणि पोर मजेत पोहत असायचं. मग चुलते कॅन सोडून त्यातलं पाणी पोराच्या डोक्यावर ओतायचे. पोहणं आल्याचा तोच दाखला. या पाण्याबद्दल पोरांना सांगायचं नाही, एवढा एकच नियम होता.

वडील मास्तर. मास्तर माणसाला ही पद्धत पटणं शक्यच नव्हतं. ते वसतिगृहात राहून शिकले, विहिरीत कधी उतरले नाहीत, पण बालमानसशास्त्रावर त्यांनी एक प्रशिक्षण केलं होतं. चुलते त्या दिवशी मोटार दुरुस्त करायला माणूस आणायला गेले होते. वडिलांनी मला वरून विचारलं, आता येतंय ना गं पोहायला? मी म्हटलं येतंय. लहान मुलाला असं विचारलं तर ते दुसरं काय सांगणार. त्यांनी मला पायरीवर बोलावलं, आधार माणसाला पंगू करतो असं काहीतरी म्हणाले आणि कॅनची दोरी सोडली. कॅनमध्ये तोवर पाण्याचा थेंब नव्हता. मी उडी मारली ती दगडासारखी तळाला गेले.

आई हौदावर कपडे धूत होती. तिचं आजोळ सीना नदीच्या काठचं, ती चालायच्या आधी पोहली असं तिच्या माहेरचे सांगतात आणि ती स्वतः तर फारच सांगते. वडिलांचा आवाज ऐकून ती आली आणि नेसत्या लुगड्यानिशी वरूनच उडी घेतली. मला वेणी धरून काढलं, पायरीवर पालथं टाकलं, पाठीत धपाटे घातले. पाणी निघालं. मी जिवंत आहे हे नक्की झाल्यावर आणखी एक धपाटा घातला, तो निव्वळ रागाचा. वडील त्या वेळी दोन पायऱ्या उतरून थांबलेले होते. संध्याकाळी त्यांनी कविता लिहायला घेतली आणि जेवायच्या आत ती झाली सुद्धा.

कुणाला वाटेल आईनं ही कविता मनाला लावून घेतली असेल. तसलं काही नाही. तिनं त्या कवितेवर संसार केला. सत्कारात मिळालेल्या शाली तिनं नणंदा, जावा, भाच्या यांना मोठ्या मनानं वाटल्या. नारळांची चटणी तर आम्ही इतकी खाल्ली की माझ्या नवऱ्याला अजून नारळ बघून मळमळतं. तिचं माहेर सोनारीचं. भैरवनाथाच्या देवळात माकडं फार, हातातला नारळ ओढून नेतात. ती म्हणायची, आमच्या सोनारीची माकडं परवडली, नारळ मिळाला की निदान गप झाडावर जाऊन बसतात, कविता म्हणत न्हाईत. वडील हे ऐकून हसायचे. त्यांना वाटायचं ती दुसऱ्या कवींबद्दल बोलते आहे.

कॉलेजात असताना मी एकदा वडिलांना सरळ विचारलं, आई का नाही कवितेत? ते रागावले नाहीत. त्यांनी मला समजावून सांगितलं की कवितेला काठावर एकच माणूस लागतो, दोन झाले की गर्दी होते. मग मी विचारलं, आणि पोहता येत नाही हे? ते म्हणाले तो तपशील आहे. त्यानंतर बरेच दिवस मी घरात प्रत्येक गोष्टीला तपशील म्हणत असे. भाजीत मीठ नाही, तपशील आहे. गॅस संपलाय, तपशील आहे. आईनं शेवटी लाटणं दाखवलं तेव्हा थांबले.

यंदा वडिलांना पंचाहत्तर पूर्ण झाली. त्यांच्या विद्यार्थ्यांनी सत्कार समिती केली आणि गौरवग्रंथ काढायचं ठरवलं. गौरवग्रंथाला मुखपृष्ठ लागतं आणि मुखपृष्ठावर ती कविता दिसली पाहिजे, म्हणजे विहीर, पाणी, काठावर कवी आणि पाण्यात धडपडणारं लेकरू. मी आता तुळजापूरला एका कॉलेजात लिपिक आहे, चाळिशी ओलांडली आहे, वजनही बरं आहे. धडपडणारं लेकरू म्हणून माझा विचार झाला नाही. पण माझी मुलगी यंदाच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच विहिरीत पोहायला शिकत होती. मीच शिकवत होते, चुलत्यांच्या पद्धतीनं, पाठीला कॅन बांधून. कॅन बांधायची-सोडायची आई, मग पायऱ्यांवर बसून सूचना करायची. चुलते आता राहिले नाहीत, पण कॅन तसाच मिळतो.

मला हा फोटोचा बेत मुळीच आवडला नव्हता. मी तसं सांगितलंही. पण मुलीला आजोबांचा लळा आणि फोटोची हौस, दोन्ही भारी. मी एका अटीवर कबूल झाले, की मी स्वतः पाण्यात असणार. वडील म्हणाले, जरूर, पण चौकटीच्या बाहेर.

फोटोग्राफर नळदुर्गचा होता. एरवी तो लग्नाआधीच्या जोडप्यांचे किल्ल्यात फोटो काढतो, त्यामुळे कुणालाही दूर कुठंतरी बघायला लावायची त्याला सवय. वडील काठावर पांढराशुभ्र झब्बा घालून उभे राहिले. त्यानं दोन-चार फोटो काढले आणि तोंड वाकडं केलं. वरून मुलगी बेडकाएवढी दिसत होती. सर खाली आले तर बरं, असं त्यानं सुचवलं. अशा रीतीनं माझ्या वडिलांचा तो प्रसिद्ध काठ पायरी पायरीनं खाली सरकत पाण्याला टेकला. शेवटच्या पायरीला शेवाळ असतं हे मी ओरडून सांगितलं. त्यांनी मला हातानंच गप केलं, कारण ते दूर बघत होते.

मग फोटोग्राफरनं मुलीकडे बघितलं. तिच्या पाठीवर पिवळा कॅन होता, त्यावर खाद्यतेलाचं सूर्यफूल छापलेलं.

"तेवढा कॅन काढता का, ताई?" तो म्हणाला. "कवितेत कॅन नाही."

त्या पोराचा काही दोष नव्हता. त्यानं कविता नीट वाचली होती. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, कॅन निघणार नाही, पाहिजे तर कविता काढा. वडील वरमले नाहीत. ते म्हणाले, क्षणभरच काढायचा आहे, तू आहेस ना जवळ. पायऱ्यांवर बसलेली आई हरभऱ्याचे फुटाणे खात होती. मी मुलीला आपल्यामागे घेतलं आणि सांगितलं की असाच काढायचा तर काढा, नाहीतर आम्ही चाललो. फोटोग्राफर म्हणाला, राहू द्या, कॅन आपण कॉम्प्युटरवर उडवू.

तेव्हा वडिलांनी मूळ भावमुद्रा घेतली. उजवा हात पुढे केला, थोडा थरथरवला. फोटोग्राफर म्हणाला, वा सर, असंच. त्यांनी हात सावकाश मागे घेतला, आणि त्या हातामागोमाग ते स्वतः निघाले. पाय शेवाळावरून पुढे सटकला, ते पायरीवर बसले आणि बसल्या बसल्या पाण्यात गेले. झब्बा फुगून वर आला आणि वडील खाली गेले.

मुलीला मी आधीच शिकवून ठेवलं होतं की बुडणाऱ्याच्या जवळ जायचं नाही. ती पलीकडच्या भिंतीकडे पोहत गेली आणि कडीला धरून राहिली. मी वडिलांना मागून बगलेत धरलं. पंचाहत्तरीचा माणूस जिवाच्या भीतीनं किती ताकद लावतो याची मला कल्पना नव्हती. त्यांनी माझा कान ओढला, माझ्या तोंडावर कोपर मारलं, दोनदा मलाही खाली घेतलं. वर फोटोग्राफर उडी मारायच्या तयारीला लागला होता. त्यानं बूट काढले, मोजे काढले, मोजे नीट घडी करून बुटात ठेवले. तोवर मी वडिलांना पायरीपर्यंत आणलं होतं, पण त्यांना वर चढवायला वरून कुणीतरी ओढायला हवं होतं.

आई गुडघ्यांवर हात ठेवत पायऱ्या उतरून आली. शेवटून दुसऱ्या पायरीवर थांबली. तिनं वाकून हात पुढे केला, वडिलांनी धरायला हात उचलला, आणि तिनं आपला हात सावकाश पाठीमागे नेला. मग थांबली. अगदी जिथं थांबायचं तिथंच. इतकी वर्षं तिनं पहिल्या रांगेत बसून काय केलं हे मला त्या वेळी कळलं. ती पाठ करत होती.

"देऊ का हात?" ती म्हणाली. "का तुमचं तुमी शिकताव?"

वडील खोकत होते. नाकातून पाणी येत होतं.

"हात दे," ते म्हणाले.

त्यांच्या तोंडून इतकं साधं वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. आईनं मनगट धरून ओढलं, मी खालून रेटलं आणि कवी काठाला लागले. मला हसू का रडू हे कळत नव्हतं, खरं तर भीतीच जास्त होती. म्हातारा गेला असता.

मुलगी पोहत पोहत पायरीशी आली. मी तिच्या पाठीवरची दोरी सोडली आणि कॅन हातातून निसटलाच, इतका जड होता. तोंडापर्यंत भरलेला. मी आईकडे बघितलं.

"परवाच भरलाय म्या," ती म्हणाली. "तुला सांगितलं असतं तर तू भ्याली असतीस."

म्हणजे दोन दिवस पोरगी स्वतःच पोहत होती आणि मी तिच्या कॅनसाठी भांडत होते. आईनं झाकण काढलं आणि सगळं पाणी नातीच्या डोक्यावर ओतलं. वडील भिंतीला टेकून बसले होते. त्यांच्या झब्ब्यातून पाणी गळत होतं आणि ते त्या कॅनकडे बघत होते, भडभडा पाणी येत होतं ते संपेपर्यंत. हे पाणी भरतात हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, आणि त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं. घरी जाताना मला वाटलं, आता संध्याकाळपर्यंत नवी कविता येणार. पण आली नाही.

सत्कार तुळजापुरात एका मंगल कार्यालयात झाला. गौरवग्रंथाच्या मुखपृष्ठावर पडायच्या आधीचा फोटो होता. कॅन उडवला होता, आणि तो उडवताना मुलीच्या एका खांद्याचाही थोडा भाग गेला होता. वडिलांना फेटा, शाल, मानपत्र, आणि अर्थात नारळ. पाच जणांनी भाषणं केली आणि पाचही जणांनी मागे घेतलेल्या हाताचा संदर्भ दिला. आई आणि मी पहिल्या रांगेत, मध्ये मुलगी. माझ्या दुसऱ्या बाजूला ते निवृत्त मुख्याध्यापक, आता पार थकलेले, काठी घेऊन.

वडील कविता म्हणायला उठले. तू बुडत होतीस, लेकी, मी काठावर उभा होतो. सभागृह नेहमीसारखं शांत झालं. हात पुढे येत होता, असं म्हणून त्यांनी हात पुढे केला. तो हात तिथंच राहिला. मागे गेला नाही. आधी मला वाटलं ओळ विसरले. आईनं ओठ हलवून ओळीची आठवण करून दिली सुद्धा.

"मला पोहता येत नाही," वडील म्हणाले.

माइकमध्ये ते स्पष्ट आलं. लगेच टाळ्यांचा असा कडकडाट झाला की आईच्या मांडीवरचा नारळ घरंगळला. कुणीतरी मागून 'क्या बात है' म्हटलं. सूत्रसंचालक धावत माइकपाशी आला आणि म्हणाला की वयाच्या पंचाहत्तरीत सरांनी कवितेला हा नवा शेवट दिला, पाणी म्हणजे जीवन आणि जीवनाच्या पाण्यात आपण सगळेच न पोहता येणारे. वडिलांनी त्याला बाजूला सारलं.

"अहो, खरंच येत नाही. पोरीला हिनं काढलं."

त्यांनी आमच्या रांगेकडे बोट दाखवलं. टाळ्या आणखी वाढल्या, आता लोक उभे राहिले, त्यामुळे बोट कुणाकडे होतं ते मागच्यांना दिसलंही नाही. वडील हात पुढे करून तसेच उभे होते. त्या हाताचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. ते आमच्याकडे बघत होते आणि आम्ही बसून त्यांच्याकडे.

"म्हणले बाई एकदाचे," आई म्हणाली आणि नारळ उचलून पिशवीत टाकला. तिचा आवाज ओला होता.

मला हवं होतं ते मला मिळालं होतं, भर सभागृहात, माइकवरून, आणि आम्हा दोघींशिवाय ते कुणाला कळलं नव्हतं. मी रडत होते. बरोबर त्या ओळीशी, जिथं सगळ्या बायका रडतात. शेजारच्या मुख्याध्यापकांनी खिशातून घडी केलेला रुमाल काढून माझ्या हातात दिला आणि कानाशी वाकून म्हणाले, मलाही दर वेळी इथंच भरून येतं.

मी रुमाल घेतला.